सुटलेला नेम पुन्हा धरताना

रत्नागिरीत डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी भाट्याच्या पुळणीवर किंवा मांडवीच्या जेट्टीकडे गेले, की चालायला आलेली बरीच मंडळी भेटतात. कोणाला डॉक्टरांनी सांगितलेले असते, तर कोणी नव्या वर्षाचा संकल्प सोडलेला असतो. मे महिन्यात घर पाहुण्यांनी आणि आंब्यांनी भरते आणि ही संख्या रोडावते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस सुरू होतो. या जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच, त्यामुळे तेव्हा पुळण ओस पडली तर नवल नाही. मागोमाग गणपती येतात.

नवल पुढेच आहे. ऑक्टोबरात आकाश निवळते, रस्ते कोरडे होतात आणि चालण्यात कसलीच आडकाठी उरत नाही. तरीही जूनपूर्वीचे अनेक चेहरे परत दिसत नाहीत. भेटले, तर हसून म्हणतात, "सुटलं ते सुटलंच!" नेम मोडला पावसामुळे, पण तो मोडलेलाच का राहिला? याचे उत्तर पाऊस देत नाही. आमचाही नेम एका पावसाळ्यात असाच सुटला होता. घरात आईकडून आणि वडिलांकडूनही मधुमेह, त्यामुळे हा प्रश्न आमच्या दृष्टीने केवळ कुतूहलाचा नव्हता.

काट्यावरचे दोन किलो

पहिला धक्का बहुधा वजनकाटा देतो. पाच दिवसांचे गणपती विसर्जित करून आम्ही काट्यावर उभे राहिलो, तेव्हा दोन किलो वाढलेले दिसले. तीन महिन्यांची मेहनत पाच दिवसांत वाया गेली, असे वाटून काटा कपाटाखाली सरकवला. विज्ञानाच्या माणसाने आधी हिशेब करायला हवा होता. तो आता करू.

शरीरातील एक किलो मेद म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी. दोन किलो मेद साठायला १५,४०० किलोकॅलरी जादा खायला हव्यात, म्हणजे पाच दिवस रोज ३,००० हून थोड्या अधिक. आता एक उकडीचा मोदक घ्या. १५ ग्रॅम तांदळाची पिठी, तेवढेच ओले खोबरे, १० ग्रॅम गूळ आणि वर चमचाभर साजूक तूप धरले, तर साधारण २०० किलोकॅलरी होतात. म्हणजे नेहमीची दोन्ही जेवणे जेवून वर रोज पंधरा मोदक! असे खाणारे कोकणात सापडतीलही, पण आम्ही त्यांतले नव्हतो.

मग ते दोन किलो कशाचे? बरेचसे पाण्याचे. पिष्टमय आणि गोड पदार्थांतील काही साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. प्रौढ माणसात हा साठा भरलेला असताना सुमारे ५०० ग्रॅम असतो आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी राहते. जेवण बेताचे असताना हा साठा निम्म्यावर आला असेल आणि सणात तो पुन्हा भरला, तर २५० ग्रॅम ग्लायकोजेन आणि ७५० ग्रॅम पाणी मिळून एक किलो वजन तेवढ्यानेच वाढते. पापड-लोणच्यांतल्या मिठाने धरून ठेवलेले पाणी आणि आतड्यांतले अन्न वेगळेच. नेहमीचा आहार सुरू झाला, की यातले बरेचसे आठवडाभरात आपोआप उतरते.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. पथ्य सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरणारे वजनही बरेचसे पाणीच असते. पुढे वेग मंदावला, की आपल्याला 'गुण येईनासा झाला' असे वाटते. खरे तर मेद तेव्हाही कमी होतच असतो.

शरीर वजन राखू पाहते

दुसरे कारण अधिक खोल आहे. वजन परत वाढले की आपण स्वतःला आळशी ठरवतो. पण उतरलेले वजन पुन्हा चढवण्याची यंत्रणा शरीरातच आहे.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, पण त्याचबरोबर विश्रांतीच्या अवस्थेत शरीर खर्च करीत असलेली ऊर्जाही खूप कमी झाली. त्या तरुणांच्या मनात दिवसरात्र अन्नाचेच विचार घोळू लागले आणि बंधन उठल्यावर कित्येकांची भूक भागता भागेना.

यामागील एक दुवा १९९४ मध्ये हाती आला. जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक शोधले. लेप्टिन मेदपेशींत तयार होते आणि साठा किती आहे याची वर्दी मेंदूला देते. मेद घटला की लेप्टिन घटते. मेंदू त्याचा अर्थ 'दुष्काळ आला' असा लावतो, भूक वाढवतो आणि खर्चाला कात्री लावतो. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांचा विश्रांतीतील ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमी आढळला. घटवलेल्या वजनाचा मोठा भाग तोवर परतही आला होता.

अलीकडे सेमाग्लुटाइडसारखी प्रभावी औषधे आली आहेत. त्यांतही हेच दिसते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले. औषध घेणाऱ्याची इच्छाशक्ती एकाएकी कमी झाली, असे कोणी म्हणणार नाही. मग चालणे सुटलेल्याला तरी तसे का म्हणावे?

'आता मोडलेच आहे, तर...'

पण सगळा भार शरीरावर टाकून चालणार नाही. मनही एक खेळ करते. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना आइस्क्रीमची चव तपासायला बोलावले. काहींना त्याआधी मिल्कशेक पाजला. ज्या एरवी मनाप्रमाणे खात होत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या एरवी खाण्यावर सतत ताबा ठेवत होत्या, त्यांनी मात्र मिल्कशेकनंतर ते अधिक खाल्ले! आजचे पथ्य मोडलेच आहे, तर आता कशाला हात आवरायचा, असा तो हिशेब.

एखादा पेला हातातून निसटून फुटला, म्हणून आपण मांडणीवरचे उरलेले पेले फोडत नाही. नेमाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो. एक सकाळ चुकली की आठवडा सोडून देतो, आठवडा चुकला की वर्ष. खरे नुकसान पहिल्या चुकीचे नसते, पुढच्या सोडून देण्याचे असते.

इथे एक दिलासा देणारे संशोधन आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज करायची एकेक साधी कृती निवडायला सांगितली आणि १२ आठवडे त्यांच्या नोंदी पाहिल्या. २०१० मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार कृती अंगवळणी पडायला मध्यक काढता ६६ दिवस लागले. पण व्यक्तिव्यक्तींत फरक मोठा, म्हणजे १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. तेव्हा 'एकवीस दिवसांत सवय' यासारख्या समजुतीवर विसंबू नये. याच अभ्यासात असेही दिसले, की मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. म्हणजे सवयीची माळ एक मणी गळाला म्हणून तुटत नाही.

काय गेले, काय उरले?

मोठ्या खंडानंतर पुन्हा सुरू करताना दम लागतो आणि 'सगळेच गेले' असे वाटते. इथेही मोजमाप उपयोगी पडते. १९८४ मधील एका अभ्यासात कसून सराव केलेल्या खेळाडूंनी व्यायाम पूर्ण थांबवला. तीन आठवड्यांत त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता ७ टक्क्यांनी घटली. आठ आठवड्यांनी ती १६ टक्क्यांनी खाली येऊन तिथे स्थिरावली. घट झाली, पण ती सोळा टक्क्यांची, शंभराची नव्हे. आपण खेळाडू नाही, हे खरे. तरी चार महिन्यांपूर्वी जिथून सुरुवात केली होती, त्याच्या बरेच पुढे आपण अजून असू शकतो.

उत्साहाची वाट न पाहता

'आधी मन तयार होऊ दे, मग सुरू करतो,' असे आपण म्हणतो. ब्रिटनमधील विद्यार्थ्यांवरील २००२ चा एक प्रयोग इथे उद्बोधक आहे. त्यांना पुढच्या आठवड्यात एकदा वीस मिनिटे दमदार व्यायाम करायचा होता. एका गटाला काहीच विशेष सांगितले नाही. त्यांपैकी ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. दुसऱ्या गटाला व्यायामाचे फायदे पटवून दिले. त्यांच्यातले प्रमाण ३५ टक्के! तिसऱ्या गटाने ते वाचून शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार, हे कागदावर लिहिले. त्यांच्यातले ९१ टक्के लोक व्यायाम करून आले. प्रयोग एका आठवड्याचा होता, त्यामुळे त्यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण केवळ उपदेश किती तोकडा पडतो, हे शिक्षकांना तरी वेगळे सांगायला नको.

आम्ही केले ते एवढेच. 'पुन्हा चालायला लागायचे' याऐवजी वहीत लिहिले : 'सोमवारी सकाळी सहाला, चहापूर्वी, पुलापर्यंत जाऊन परत, पंधरा मिनिटे.' पूर्वीच्या पाऊण तासाचा आग्रह धरला नाही. पावसाळ्यासाठी दुसरी ओळ लिहिली : 'पाऊस असेल तर घराच्या पडवीत पंधरा मिनिटे.' आपल्याकडे वर्षातले चार महिने पाऊस असणारच. त्याची सोय नसलेला नेम आठ महिन्यांचाच असतो. शाळेचा लांब व्हरांडा किंवा जिना मधल्या सुट्टीत याच कामी येऊ शकतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास भरभर चालला, तर सुमारे सव्वाशे किलोकॅलरी खर्च होतात, म्हणजे एका मोदकाहूनही कमी. केवळ चालण्याने वजन झरझर उतरत नाही. ताटातला भाताचा ढीग थोडा आटोपता घेऊन कुळथाचे पिठले, उसळ, भाजी वाढवावी लागते.

मग चालण्याचा उपयोग काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपला आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला. दोघांचा उंची-वजन निर्देशांक एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपल्यातला बारीक माणूसही आतून मेदयुक्त असू शकतो. सगळी गोष्ट काटा सांगत नाही, ती अशी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये छापला. नियमित चालणे आणि आहारातील बदल यांमुळे तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही वजनात म्हणण्यासारखी घट न होता. म्हणून वहीत आम्ही किलोऐवजी चाललेले दिवस लिहितो. दिवस आपल्या हातात असतात, किलो नसतात.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच छातीत दुखणे वा धाप लागणे हा त्रास असणाऱ्यांनी मात्र मोठ्या खंडानंतर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

वर्गातली रिकामी जागा

हे सारे शिक्षकांसाठीच्या मासिकात का लिहावे? तापाने पंधरा दिवस गैरहजर राहिलेला मुलगा बरा होऊनही शाळेत यायला का कचरतो, हे आपण पाहिलेले असते. वह्या अपुऱ्या, गणिताचा धडा पुढे गेलेला. अभ्यास बुडाला याहून 'सगळ्यांसमोर काय सांगू?' हे ओझे त्याला जड जाते. दारातच 'काय, आठवण झाली का शाळेची?' असे स्वागत झाले, तर तो आणखी चार दिवस येत नाही. 'ये, बस. आज एवढी दोन उदाहरणे कर' म्हणणारे शिक्षक त्याला परत मिळवतात. शिक्षकाला ही रीत ठाऊक असते. स्वतःशी मात्र तो पहिल्या प्रकारच्या शिक्षकासारखा बोलतो.

वरचे मोदकाचे गणित आठवी-नववीच्या वर्गात जरूर करून घ्यावे. पण वर्गात सर्वांसमोर मुलांची वजने घेऊन फळ्यावर लिहू नयेत. लाजेने कोणी चालायला लागत नाही, लपायला मात्र लागतो. आमचा कपाटाखालचा काटा याला साक्ष आहे.

तो काटा आता बाहेर आहे. वहीत गेल्या महिन्यात अठरा दिवसांवर खुणा आहेत आणि बारा घरे रिकामी आहेत. रिकाम्या घरांपुढे आम्ही काहीच लिहीत नाही. दुसऱ्या दिवसाचे घर मात्र आदल्या रात्रीच आखून ठेवतो.