कोणती तूट कधी भरून निघते?

शिरड शहापूर हे औंढा नागनाथ ते वसमत रस्त्यावरचं गाव. बाहेरगावचे लोक ते मल्लिनाथांच्या जैन मंदिरामुळे ओळखतात. भाद्रपदात दशलक्षण पर्व येतं, तेव्हा भाविक उपवास धरतात. कुणी एकभुक्त राहतं, कुणी पाण्याचा घोटही घेत नाही. उपवास तडीस गेला की पारण्याला घरात कौतुक असतं. त्यानंतर काही आठवड्यांतच, दसरा-दिवाळीच्या सुमारास, औंढा तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. ट्रॉलीत पत्रे, भांडी, धान्याची पोती, आणि त्यांवर लेकरं.

पोट रिकामं राहणं दोन्हीकडे घडतं. अमर्त्य सेन यांनी उपवास आणि उपासमार यांतला फरक नेमका दाखवला आहे: उपवास करणाऱ्याला जेवण मिळू शकतं आणि तो ते स्वतः बाजूला ठेवतो, उपाशी माणसाला तो पर्यायच नसतो. पण निवड हातात असली तरी शरीर फार काळ साथ देत नाही. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्याच संमतीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे चौथ्या हिश्शानं घटलं. ते चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, दिवसभर जेवणाचाच विचार करू लागले. काही जण तर पाककृतींची पुस्तकं घेऊन वाचत बसले. पोटभर खायला मिळू लागल्यावर मात्र ते हळूहळू सावरले.

ती माणसं सावरली, कारण ती वाढून पूर्ण झालेली होती. गर्भातल्या बाळाचं तसं नसतं. याचा एक भक्कम पुरावा आपल्याच राज्यात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची गरोदरपणात तपासणी केली आणि पुढे त्यांच्या मुलांचाही वर्षानुवर्षं माग ठेवला. ही बाळं सरासरी 2.7 किलोची जन्मली, इंग्लंडमधली तुलनेची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं हडकुळी दिसत होती, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र जवळपास टिकून होती. पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट तिथूनच सुरू होते. ज्या आया दूध, पालेभाज्या, फळं अधिक वेळा खात होत्या त्यांची बाळं अधिक भरलेली होती, आणि ज्यांना शेतात-घरात जास्त कष्ट उपसावे लागत होते त्यांची लहान. म्हणजे आईच्या ताटात काय पडलं एवढंच पाहून भागत नाही. तिनं किती ओझं वाहिलं, तेही बाळाच्या अंगावर उमटतं.

आता हे उसाच्या फडात ठेवून पाहा. तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती तोडीतून फेडायची असते. पहाटे, कधी मध्यरात्रीनंतरही, गाडी येते. ऊस तोडून, साळून, मोळ्या बांधलेल्या असतात. मग बाई डोक्यावर मोळी घेते आणि गाडीला टेकवलेल्या अरुंद फळीवरून वर चढते, खाली येते, पुन्हा मोळी घेते. गाडी भरल्याशिवाय झोप नाही, आणि गाडी गेली की कोपीपुढं, म्हणजे झोपडीपुढं, चूल पेटवायची असते. हंगाम पाच-सहा महिने चालतो. यात गरोदर बाईही असते.

झोपेची तूट माणसाला आणखी एका तऱ्हेनं फसवते. अमेरिकेतल्या एका प्रयोगात माणसांना चौदा रात्री सहाच तास झोपू दिलं. त्यांचं लक्ष एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं ढळू लागलं, तरी त्यांना स्वतःला तसं वाटत नव्हतं. चेन्नईतल्या कष्टकऱ्यांच्या एका अभ्यासात लोक रात्री आठ तास अंथरुणावर असूनही साडेपाच तासच झोपत होते: उकाडा, डास, आवाज. त्यांना घरची झोप अर्ध्या तासानं वाढवून दिली तर फारसा फरक पडला नाही, पण कामाच्या जागी दुपारी शांत अर्धा तास डुलकी घेऊ दिली तर कामही सुधारलं आणि मनही. फडावर दुपारी सावली आणि अर्धा तास देणं कारखान्याला जड जाईल असं मला वाटत नाही.

पैशाची चणचण विचारांवर बसते. तामिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांना संशोधकांनी कापणीआधी आणि कापणीनंतर तीच कोडी घातली. हातात पैसा आल्यावर त्याच माणसांनी ती बरीच बरी सोडवली. 2013 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यावर पुढं वादही झाले. पण तंगीत माणूस कमअक्कल होत नाही, त्याची अक्कल तंगीतच अडकून पडते, हे म्हणणं मला पटतं. आणि उचलीचा सौदा होतो कधी? पावसाळ्याच्या शेवटी, शाळेचा, दवाखान्याचा, लग्नाचा खर्च डोक्यावर असताना. माणूस सगळ्यात अडलेला असतो तेव्हाच तो अख्ख्या हंगामाच्या अटींना हो म्हणतो.

या तुटी एकट्या येत नाहीत. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून महाराष्ट्र हादरला. सरकारी सर्वेक्षणात सुमारे 82 हजार बायकांपैकी तेरा हजारांहून जास्त जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचं दिसलं. फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीत विश्रांती नाही, खाडा झाला तर पैसे कापले जातात, आणि दवाखान्यात कुणी तरी सांगतं की पिशवी काढून टाका. एकेक उणीव सोसता आली असती. सगळ्या एकाच बाईच्या वाट्याला आल्या.

मोजणीत आणखी एक अडचण आहे. नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक पोषण, शाळा, इंधन, संडास, पाणी, वीज, बँक खातं असे बारा निकष लावतो. त्यानुसार महाराष्ट्रातलं दारिद्र्य 2015-16 मधल्या 14.80 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 7.81 टक्क्यांवर आलं. ही प्रगती खरी आहे. पण गावातला संडास, मीटर आणि गॅस तोडीवाल्यांसोबत ट्रॉलीत जात नाहीत. घर आकडेवारीत भरलेलं राहतं आणि कुटुंब अर्धं वर्ष कोपीत.

लेकरांचं काय? रोमानियातल्या अनाथालयांतल्या मुलांना पोटाला मिळत होतं, डोक्यावर छप्पर होतं, फक्त जवळचं असं एक माणूस नव्हतं. 2000 साली बुखारेस्टमध्ये 136 मुलांवर सुरू झालेल्या अभ्यासात, वयाच्या दोन वर्षांच्या आत सांभाळणाऱ्या कुटुंबात गेलेली मुलं उशिरा गेलेल्यांपेक्षा चांगली सावरली. गावी आजीजवळ राहिलेल्या पोराची गत तशी नसते, आजी असतेच. म्हणून मराठवाड्यातली हंगामी वसतिगृहं मला मोलाची वाटतात, कारण त्यांमुळे पोर गावात आणि शाळेत राहतं. मात्र तिथं ताटाइतकंच रोज तेच माणूस असणं महत्त्वाचं आहे.

झोपेची तूट काही आठवड्यांच्या आरामानं बरीच भरते. पैशाची चणचण पीक आलं की थोडी सैल होते. अर्धपोटी मोठा माणूस पोटभर जेवून सावरतो. गर्भातल्या नऊ महिन्यांना आणि बाळाच्या पहिल्या दोन वर्षांना तशी सवलत नाही. योजनांची मदत मात्र बहुतेकदा सगळ्यांना एकाच रांगेत उभं करून वाटली जाते, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

टोळ्या निघतात तो महिना सगळ्या गावाला ठाऊक असतो. कोण गरोदर आहे, कुणाचं बाळ दोन वर्षांच्या आतलं आहे, हे आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना नावानिशी माहीत असतं. ती यादी भाद्रपद संपायच्या आत तयार व्हावी, टोळी ज्या कारखान्यावर जाणार तिथल्या आरोग्य केंद्राकडे ती आधीच पोचावी, आणि त्या यादीतल्या बाईच्या डोक्यावर मोळी येणार नाही, ही अट उचलीच्या करारातच लिहिली जावी.