लुळ्या पायांचा सरडा आणि ऊन-सावली

ऊन आणि सावली यांच्यात ये-जा करून सरडा अंगातली ऊब सांभाळतो. अन्न पचणे, जखम भरणे, औषधाचा गुण येणे हे सारे त्या उबेवर चालते. कण्याला मार बसून मागचे पाय लुळे पडले की ही ये-जा थांबते. मग ती माणसाने घडवून आणावी लागते. अपंग सरड्याच्या शुश्रूषेतले मुख्य काम हेच.

तमिळनाडूतील कुंभकोणमजवळच्या चोळपुरम् परिसरात सगळीकडे भातशेती. अशा गावात चाकाखाली, यंत्राखाली किंवा मांजराच्या तोंडी सापडून सरडे जायबंदी होतात. त्यात घोरपड असेल (तमिळमध्ये उडुंबु), तर ती घरी ठेवता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचे नाव आहे; तिला वन विभागाच्या स्वाधीन करायचे. तिच्या तेलाने सांधेदुखी जाते हा समज महाराष्ट्रातही आहे आणि तो निराधार आहे. घरात पाळले जातात ते परदेशी सरडे, मुख्यतः हिरवा इग्वाना. तो वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, म्हणून 2022 ची कायदादुरुस्ती आणि 2024 चे नियम यांनुसार त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते.

पाळीव इग्वानाचा कणा मोडायला मोठा अपघात लागत नाही. ऊन आणि कॅल्शियम कमी पडून हाडे ठिसूळ झालेली असली, तर कपाटावरून पडणेही पुरते. म्हणून एक्स-रे आधी काढायचा आणि मुळातली कमतरताही भरून काढायची. शेपूट तुटल्याची फारशी काळजी नको. कोवळ्या वयात इग्वानाची शेपूट पुन्हा वाढते, फक्त मणक्यांच्या जागी कूर्चेची नळी येते. घोरपडीला ही सोय नाही. एक पाय कापावा लागलेला सरडाही तीन पायांवर चांगला फिरतो. कण्याचे दुखणे मात्र चिवट असते. हाडे जुळून यायला महिनोन्‌महिने लागतात. इंजेक्शन शक्यतो शरीराच्या पुढच्या भागात देतात, कारण मागच्या भागातले रक्त हृदयाकडे परतताना मूत्रपिंडांतून जाऊ शकते. घरातल्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत.

अशा उपचारांसाठी याच तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडु येथे 2012 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. याच मुलखात तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द 1798–1832) यांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांच्याही औषधांवर काम चाले. मराठी वाचकाला हा धागा सुखावणारा आहे.

घरात एक कोपरा सुमारे 35 अंशांचा आणि दुसरा बराच थंड, अशी पेटी करतात. लुळा सरडा तापलेल्या कोपऱ्यातून सरकू शकत नाही. म्हणून तिथे तापमापी हवी आणि ठरावीक वेळाने त्याला उचलून हलवणेही हवे. तापणारे दगड किंवा गादी वापरूच नये. पोटाला संवेदना नसल्याने कातडी भाजली तरी त्याला कळत नाही. एप्रिल-मेमध्ये कावेरीच्या खोऱ्यातले ऊन जीवघेणे, तर दिवाळीच्या सुमारास, महाराष्ट्रातला पाऊस ओसरलेला असताना, तिथे ईशान्य मोसमी पावसाचे ढग दाटतात. तेव्हा अतिनील किरणांचा दिवा लागतो. खिडकीच्या काचेतून ते किरण जवळजवळ येत नाहीत. दिवा पेटत असला तरी त्याचे किरण क्षीण होत जातात, म्हणून सहा ते बारा महिन्यांत तो बदलावा.

वाळू नको; तळाला मऊ टॉवेल किंवा वर्तमानपत्र घालून ते ओले होताच बदलावे. ओलसर पोटावर फोड येतात. मलमूत्र आपोआप होत नसेल, तर उथळ कोमट पाण्यात वीसेक मिनिटे बसवल्याने बहुधा मदत होते. डोके पाण्याबाहेर राहील असे हाताने धरावे. पोट फुगले, पांढरे मूत्रक्षार बाहेर पडेनासे झाले, तर डॉक्टर गाठावा. पोट दाबून मोकळे करण्याची रीत त्यांच्याकडूनच शिकावी.

खाण्याच्या बाबतीत चोळपुरम् नशीबवान. शेवगा (मुरुंगै) आणि हादगा (अगत्ति) यांचा पाला तिथे परसात मिळतो आणि त्यात कॅल्शियम भरपूर असते. पालकातले ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवते, म्हणून तो क्वचितच. मांस, अंडी आणि दूध इग्वानाला देऊ नये. वजन दर आठवड्याला काट्यावर पाहावे. घट दिसली तर दुखणे वाढत असल्याची ती पहिली खूण असते. सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, त्यामुळे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि त्याची भांडी स्वयंपाकघरात आणू नयेत.

काही सरड्यांच्या पायांत कालांतराने हालचाल परतते, काहींच्या नाही. इग्वाना पंधरा वर्षांहून अधिक जगू शकतो, तेव्हा ही चाकरी दीर्घ असते. खाणे सुटले, मलमूत्र कायमचे अडले आणि वेदना आटोक्यात येईनात, तर पशुवैद्याकडून वेदनारहित मृत्यू देणे हाच योग्य मार्ग ठरतो. नोंदणीकृत प्राण्याच्या मृत्यूची खबरही ‘परिवेश’वर द्यावी लागते.