सूक्ष्मजीवांच्या जगात (भाग ९) : मिनिटभराचं आयुष्य

रायबोसोम प्रथिनं कशी विणतो ते आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. त्याच्या खर्चाचा हिशेबही मांडला होता: साखळीत एक अमिनो आम्ल जोडायचं तर एटीपीसारखे चारेक ऊर्जारेणू मोजावे लागतात. आज त्याच हिशेबातली एक विचित्र नोंद पाहू. ई. कोलायच्या पेशीत सिग्मा-३२ नावाचं एक प्रथिन असतं. त्याची साखळी २८४ अमिनो आम्लांची, म्हणजे एक नग तयार व्हायला अकराशेच्या वर ऊर्जारेणू खर्ची पडले. आणि ३० अंश सेल्सिअसला, सगळं सुरळीत चाललेलं असताना, या प्रथिनाचं अर्धायुष्य एका मिनिटाहूनही कमी! ते तयार होतं न होतं तोच पेशी स्वतःच त्याचे तुकडे करते. पुन्हा बनवते, पुन्हा तोडते. तोडायलाही एटीपी लागतं, ते वेगळंच. जो जीव एरवी पै-पै वाचवतो, त्याला ही उधळपट्टी परवडते कशी?

ई. कोलायची सगळीच प्रथिनं अशी अल्पायुषी असती तर प्रश्नच नव्हता. पण बहुतेक प्रथिनं पेशीच्या एका पिढीहून अधिक टिकतात. पेशी दुभंगली की ती दोन्ही लेकींत वाटली जातात आणि नवी बनवली नाहीत तर त्यांचं प्रमाण आपसूक निम्म्यावर येतं. मग मोजक्या प्रथिनांच्याच वाट्याला हे का? आपल्याकडे विघटन शिकवतात ते टाकाऊ मालाची विल्हेवाट म्हणून, तेही प्रकरणाच्या शेवटी, घाईघाईत. बिघडलेली प्रथिनं मोडून अमिनो आम्लं परत वापरात आणणं हे काम आहेच. पण संकट आल्यावर जिवाणूनं काय करायचं, हे कितीतरी वेळा कोणतं प्रथिन तोडायचं आणि कोणतं तोडायचं थांबवायचं यावरच ठरतं. ही गोष्ट उलगडायला चार दशकं लागली, आणि धागा हाती आला तो भलत्याच ठिकाणी.

१९४४ चा उन्हाळा. एव्हलिन विटकिन ही कोलंबिया विद्यापीठाची तेवीस वर्षांची विद्यार्थिनी न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत आली होती. तोवरचा तिचा अभ्यास फळमाश्यांचा, जिवाणूंशी फारशी ओळख नाही. तिनं ‘बी’ नावाच्या वाणातल्या ई. कोलायवर अतिनील किरण सोडले आणि मात्रा इतकी चढी झाली की जवळपास सगळे जिवाणू मेले. बशीत हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच वसाहती उगवल्या. या उरलेल्यांची पिलावळ मात्र किरणांना चांगलीच दाद देईनाशी झाली होती आणि हा गुण पुढच्या पिढ्यांतही उतरत होता. तग धरणाऱ्या या वाणाला ‘बी/आर’ म्हणू लागले.

खरी मौज सूक्ष्मदर्शकाखाली होती. किरणांचा मार बसलेले साधे ‘बी’ जिवाणू लगेच मरत नव्हते. ते वाढत होते, लांबत होते, लांबता लांबता त्यांचे दोरे होत होते. दुभंगणं तेवढं जमत नव्हतं. ‘बी/आर’ मात्र थोडं थांबून पुन्हा सरळ दुभंगू लागत. म्हणजे पहिल्यांचा जीव जात होता तो बऱ्याच अंशी विभाजन अडकल्यामुळे. विटकिन यांनी हे १९४७ मध्ये प्रसिद्ध केलं. डीएनएला इजा झाली की पेशी एकदम अनेक कामं सुरू करते, या कल्पनेच्या मुळाशी त्यांचं पुढचं काम आहे. तेव्हा बेल्जियममध्ये काम करणारे मिरोस्लाव्ह रादमान यांनी सत्तरच्या दशकात या प्रतिसादाला ‘एसओएस’ म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. विटकिन यांना लास्कर पुरस्कार मिळाला तो २०१५ साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी. दिरंगाईची परंपरा काही आपल्याकडेच आहे असं नाही.

दोऱ्यांचं कोडं सुटलं ते असं. डीएनए तुटला की रेक-ए हे प्रथिन त्याच्या उघड्या पडलेल्या एकेरी धाग्यावर जमतं. त्याच्या सान्निध्यात लेक्स-ए नावाचं दुसरं प्रथिन स्वतःलाच चिरतं. एरवी हे लेक्स-ए चाळीसेक जनुकं दाबून बसलेलं असतं. ते गेलं की ती सगळी बोलू लागतात. बहुतेक दुरुस्तीच्या कामाची असतात. त्यांतलंच एक जनुक सल-ए या प्रथिनाचं. पेशीच्या मधोमध एफटीएस-झेड या प्रथिनाचं कडं तयार होतं आणि तिथेच पेशी आवळली जाऊन तिचे दोन भाग होतात. सल-ए नेमकं या एफटीएस-झेडला धरून ठेवतं, कडं होऊच देत नाही. डीएनए तुटका असताना दुभंगलं तर लेकींच्या वाट्याला अर्धामुर्धा वारसा येणार, तेव्हा ही स्थगिती शहाणपणाचीच.

पण दुरुस्ती आटोपल्यावर स्थगिती उठवायची कोणी? नवं सल-ए बनणं थांबलं तरी आधी बनलेलं एफटीएस-झेडला धरून बसलेलंच असतं. इथे लॉन हे प्रथिनभंजक विकर येतं. १९८१ मध्ये दोन गटांनी दाखवलं की लॉन जनुकाचं प्रथिन म्हणजे एटीपी जाळून इतर प्रथिनं तोडणारं यंत्र आहे. १९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या सुझन गॉट्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं सल-एचं आयुष्य मोजलं. लॉन शाबूत असेल तर अर्धायुष्य जेमतेम मिनिटभर, लॉन नसेल तर वीसेक मिनिटं. ‘बी’ वाणाच्या लॉन जनुकाच्या तोंडाशी डीएनएचा एक भटका तुकडा येऊन बसला आहे, त्यामुळे लॉन तयारच होत नाही. सल-ए तुटत नाही, कडं होत नाही, पेशी लांबत जाते. ‘बी/आर’ला लॉन परत मिळालं नव्हतं, त्याचं सल-ए जनुकच बिघडलं होतं. एका बिघाडावर दुसऱ्या बिघाडाचा उतारा!

‘बी’चं हे वैगुण्य पुढे माणसाच्या पथ्यावर पडलं. त्याच कुळातला बीएल-२१ हा वाण १९८६ पासून प्रयोगशाळांत फिरतो आहे. जिवाणूकडून परकं प्रथिन बनवून घ्यायचं असेल तर लॉनसारखा तोडणारा घरात नसलेला बरा. पुण्या-मुंबईत जैवतंत्रज्ञान शिकलेल्या बहुतेकांनी बीएल-२१ ची कुपी कधी ना कधी बर्फात ठेवली असेल. त्यामागे विटकिनबाईंचे दोरे आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही.

तोडणारं यंत्र असतं कसं? सगळ्यांत नीट माहिती आहे ती क्लिप-एक्सपीची. क्लिप-पीच्या चौदा उपघटकांच्या, सात-सातच्या दोन कड्या एकमेकींना चिकटून पोकळ कोठी तयार होते. कापणाऱ्या जागा सगळ्या आत. तोंड इतकं अरुंद की घडी घातलेलं प्रथिन आत शिरूच शकत नाही, त्यामुळे पेशीत मोकळेपणानं हिंडणारी प्रथिनं सुरक्षित राहतात. तोंडावर क्लिप-एक्सचं सहा घटकांचं कडं बसतं. ते प्रथिनाचं शेपूट धरतं, एटीपी जाळत झटके देतं, घडी उसवतं आणि धागा आत ढकलतं. घडी घट्ट असेल तर एकेका प्रथिनामागे शेकडो एटीपी जातात. कोणाला धरायचं याच्या खुणा ठरलेल्या. रायबोसोम अर्धवट साखळीवर अडकला तर तिच्या टोकाला अकरा अमिनो आम्लांची चिठ्ठी जोडून तिला सोडवलं जातं. ती चिठ्ठी दिसली की क्लिप-एक्स पुढचं बघून घेतं. एमआयटीतल्या रॉबर्ट सॉअर यांच्या गटानं १९९६ मध्ये ही पद्धत उघडकीस आणली.

आता सिग्मा-३२ कडे वळू. तापमान वाढलं की प्रथिनांच्या घड्या उसवतात, ती एकमेकांत गुंततात. तेव्हा घड्या सावरणारी डीएनए-केसारखी मदतनीस प्रथिनं आणि तोडणारी विकरं भराभर लागतात, आणि त्यांची जनुकं चालू करतं सिग्मा-३२. ३० अंशांना पेशीत त्याचे दहा-तीस नगच असतात. ४२ अंशांवर नेलं की पाचेक मिनिटांत ते पंधरा-वीस पट होतं. ही झेप दोन गोष्टींमुळे साधते. एक, त्याच्या संदेशवाहक आरएनएची घडीच उष्णतेनं उलगडते आणि रायबोसोमला जागा मोकळी होते. दुसरी जास्त मजेची. एरवी डीएनए-के आणि मंडळी सिग्मा-३२ ला धरून पेशीपटलातल्या एफटीएस-एच या प्रथिनभंजकाच्या हवाली करत असतात. उष्णता वाढली की हीच मंडळी उसवलेल्या प्रथिनांच्या मागे लागतात; सिग्मा-३२ ला धरायला कोणी रिकामं नसतं आणि ते वाचतं. घड्या सावरल्या गेल्या, मदतनीस मोकळे झाले, की पुन्हा त्याची धरपकड. म्हणजे संकट किती मोठं आहे याचं मोजमाप आणि प्रतिसादाचा लगाम, दोन्ही त्याच प्रथिनांच्या हाती. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला यातला काटकसरीपणाच जास्त भावला.

उधळपट्टीचं उत्तरही इथेच आहे. मोरीचा नळ चालू ठेवायचा आणि तळाचं भोकही उघडं ठेवायचं; पाणी साठवायची वेळ आली की नळाला हात न लावता नुसता बोळा कोंबायचा. पाणी लगेच चढतं, आणि बोळा काढला की लगेच उतरतं. जनुक चालू करा, आरएनए बनवा, मग साखळी विणा, एवढा वेळ भाजणाऱ्या जिवाणूकडे नसतो. चालू असलेली तोडफोड थांबवणं हे क्षणाचं काम. रोज वाया जाणारं पाणी ही त्या वेगाची किंमत.

उपासमारीतही हाच डाव, फक्त पात्रं निराळी. सिग्मा-एस, म्हणजे आरपीओ-एस, हे शेकडो जनुकं चालू करून पेशीला चिवट बनवतं. खाणंपिणं व्यवस्थित असताना आरएसएस-बी नावाचा दलाल त्याला क्लिप-एक्सपीच्या तोंडाशी नेऊन देतो आणि त्याचं अर्धायुष्य दोनेक मिनिटांवर राहतं. हा दलाल स्वतः तुटत नाही. एकाला पोचवून दुसऱ्याला आणायला मोकळा. संकट आलं की दलालालाच अडवणारी प्रथिनं बनतात: फॉस्फेट संपलं तर इरा-पी, मॅग्नेशियम संपलं तर इरा-एम, डीएनएला इजा झाली तर इरा-डी. गॉट्समन यांच्याच प्रयोगशाळेनं ही मंडळी शोधली.

या क्षेत्रात सगळंच असं जुळून आलं, असं मात्र नाही. प्रतिजैविकांच्या माऱ्यात काही थोडे जिवाणू झोपेचं सोंग घेऊन तगतात; लॉन विषारी प्रथिनांचे उतारे तोडतं, म्हणून ते झोपतात, असं सांगणारे २०११ आणि २०१३ चे शोधनिबंध बराच काळ प्रमाण मानले गेले. नंतर कळलं की त्या प्रयोगांतल्या जिवाणूंत फाय-८० नावाचा विषाणू नकळत शिरला होता. २०१८ मध्ये लेखकांनी निबंध मागे घेतले. तोवर ते आकृत्यांसकट परीक्षण-लेखांत जाऊन बसले होते.

तोडणाऱ्या यंत्रालाच औषधाचं लक्ष्य करण्याची खटपट मात्र जोरात आहे. एडीईपी ही संयुगं क्लिप-पीचं तोंड सताड उघडतात. मग क्लिप-एक्सची गरजच राहत नाही, यंत्र बेफाम होतं आणि स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूंत एफटीएस-झेडचाही फडशा पडतो. अडचण अशी, की बऱ्याच जिवाणूंना क्लिप-पीवाचून जगता येतं, तेव्हा ते जनुक बिघडवून ते सहज निसटतात. क्षयाच्या जंतूला ही सोय नाही. क्लिप-पी नसेल तर तो जगतच नाही, आणि जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात असल्यानं आपल्याला यात रस असायलाच हवा. मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं लॅसोमायसिन २०१४ मध्ये जाहीर झालं. ते क्षयजंतूच्या क्लिप-सी-१ या ओढणाऱ्या कड्याला चिकटतं. कडं एटीपी आणखी वेगानं जाळू लागतं, पण कोठीत काहीच कापलं जात नाही. औषधाच्या दुकानात ते अजून पोचलेलं नाही. जंतूला असं फुकट राबवून मारता येतं, एवढं मात्र प्रयोगशाळेत दिसलं आहे.