खिडकीच्या बाजूचा गाल

अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. २८ वर्षं मालाचा ट्रक चालवलेला हा माणूस. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेल अशी. डावी, म्हणजे खिडकीकडची, जाडसर, लोंबलेली, खोल सुरकुत्यांची. माणूस एक, वय एक, खाणंपिणं एक. फरक होता उन्हाचा, आणि तेही काचेतून आलेल्या.

त्वचा भाजते ती मुख्यतः यूव्ही-बी किरणांनी, आणि ते साध्या काचेत बहुतांशी अडतात. यूव्ही-ए मात्र बाजूच्या काचेतून आत येतात. (पुढच्या काचेत प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो बरेच अडवतो.) हे किरण कातडीच्या खालच्या थरापर्यंत उतरतात. तिथल्या पेशी मग अशी विकरं सोडतात, जी त्वचेला ताठ ठेवणारे कोलॅजेनचे धागे कापतात. इलॅस्टिनच्या गुठळ्या साचतात. जळजळ नाही, लाली नाही, म्हणून कुणाला पत्ताही लागत नाही.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. एसटीचा जुना चालक भेटला तर त्याचे दोन्ही हात शेजारी ठेवून बघा. बाहीच्या खाली उजवा अधिक काळवंडलेला दिसेल.

‘आपण सावळे, आपल्याला ऊन काय करतंय’ हे अर्धंच खरं. मेलॅनिनमुळे सुरकुत्या उशिरा येतात, पण उन्हाची खूण डागांतून उमटते. गालावरचा वांग तर साध्या दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी.

सनस्क्रीन घेताना नुसता एसपीएफ बघू नका. तो आकडा मुख्यतः यूव्ही-बीचा. यूव्ही-एसाठी ‘पीए’पुढची अधिकची चिन्हं मोजा. शिवाय एसपीएफ ठरतो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या जाड थरावर. आपण लावतो त्याच्या निम्मंही नाही. नीट आणि रोज लावलं तर गुण येतो. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर इथे ९०० हून अधिक प्रौढांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष २०१३) रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं वार्धक्य साडेचार वर्षांत इतरांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी भरलं.

महागडी ट्यूब सगळ्यांना परवडत नाही, हे मान्यच. पण विदर्भात कापूस वेचणाऱ्या बाया साडीवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट चढवतात, डोक्याला रुमाल बांधतात, ते शास्त्राला धरूनच आहे. घट्ट विणीचं कापड दोन्ही किरण अडवतं आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही. चालकांनीही उजवी बाही मनगटापर्यंत ओढावी. चेहऱ्याला मात्र क्रीमच लागेल, निघायच्या पाव तास आधी, काचा बंद असल्या तरी.