काळी एकची पट्टी

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममधल्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबथ या बँडचे मूळचे चौघे अखेरचे एकत्र आले. गायक ऑझी ऑस्बर्नने सगळी गाणी खुर्चीत बसून म्हटली, आणि त्यानंतर सतरा दिवसांनी त्याचे निधन झाले. त्या रात्री सॅबथने चारच गाणी वाजवली: ‘वॉर पिग्ज’, ‘एन. आय. बी.’, ‘आयर्न मॅन’ आणि ‘पॅरानॉइड’. यातली तीन गाणी सप्टेंबर १९७० मध्ये आलेल्या ‘पॅरानॉइड’ या अल्बममधली आहेत. सॅबथचा सर्वोत्तम अल्बम कोणता, हा वाद हेवी मेटलचे चाहते पन्नास वर्षे घालत आले आहेत. ‘पॅरानॉइड’च्या बाजूने बोलणाऱ्यांना याहून भक्कम पुरावा मिळणे अवघड. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने २०१७ साली मेटलच्या शंभर श्रेष्ठ अल्बमांची यादी केली तेव्हाही पहिला क्रमांक ‘पॅरानॉइड’लाच मिळाला होता. हे सगळे मान्य करूनही मला असे मांडायचे आहे, की हा मान पुढच्याच वर्षी, जुलै १९७१ मध्ये आलेल्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’चा आहे.

हा वाद मिटत नाही याचे एक कारण म्हणजे वाद घालणारे एकाच प्रश्नाचे उत्तर देत नसतात. कोणी सर्वात गाजलेली गाणी मोजतो, तर कोणी सुरुवात कुठे झाली ते पाहतो आणि पहिल्या अल्बमपाशी थांबतो. ज्याला गायकी महत्त्वाची वाटते तो रॉनी जेम्स डिओच्या काळातला ‘हेवन अँड हेल’ उचलतो, आणि ज्याला महत्त्वाकांक्षा मोलाची वाटते तो ‘सॅबथ ब्लडी सॅबथ’. एकोणीस स्टुडिओ अल्बम काढलेल्या बँडच्या बाबतीत अशा प्रत्येक कसोटीला आपापला विजेता सापडतोच. मी लावतो ती कसोटी अशी: ज्या अल्बममध्ये बँडच्या चारही अंगांना एकाच सांगीतिक कल्पनेने वळण दिले आहे, आणि ती कल्पना काढून घेतली तर बाकीचे उभेच राहणार नाही, तो अल्बम श्रेष्ठ. शेवटी आवडनिवड ज्याची त्याची, हा आक्षेप इथे येणारच. आवड ज्याची त्याची हे खरे, पण ध्वनिमुद्रणात काय घडले आहे ते कानाने तपासता येते, आणि माझे म्हणणे तिथेच तपासले जावे.

‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मधली ती कल्पना एका अपघातातून आली. गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. नोकरीच्या अखेरच्या दिवशी यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिका या बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने गिटारच्या मानेवर तारा दाबणारा हात नेमका उजवा. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. आगीत भाजून दोन बोटे निकामी झालेला तो वादक युरोपातल्या जाझचा मोठा गिटारवादक ठरला होता. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि त्यांवर चामडे चिकटवले. त्या काळी गिटारच्या हलक्या तारांचे संच सहज मिळत नसत, म्हणून त्याने बँजोच्या तारा लावून पाहिल्या. तारेचा ताण कमी करण्याचा आणखी एक उपाय उरला होता, तो म्हणजे पट्टी उतरवणे. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’, ‘लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड’ आणि ‘इन्टू द व्हॉइड’ या तीन गाण्यांसाठी त्याने गिटार दीड स्वर, म्हणजे हार्मोनियमच्या तीन पट्ट्या खाली आणली. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचे तर गिटारची सर्वात जाड तार एरवी पांढरी तीनला लागते, ती काळी एकला आली. तिची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ८२ वरून ६९ वर उतरते. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे तीच तार जवळजवळ ३० टक्के सैल पडते. दुखऱ्या बोटांना हा फरक फार मोठा आहे, आणि कानालाही तो तितकाच मोठा आहे. सैल तार छेडली की तिचा झोल रुंदावतो, आघातानंतर सूर जागेवर बसायला क्षणभर लागतो आणि त्या क्षणात एक घोगरा जडपणा येतो. सॅबथच्या संगीताला लोक ज्या अर्थाने ‘हेवी’ म्हणतात त्याचा मोठा भाग या सैलपणात आहे.

पट्टी एकट्या गिटारची उतरली असती तर ती वादकाची सोय म्हणून राहिली असती. गीझर बटलरने आपला बासही तेवढाच खाली लावला आणि गिटारची स्वराकृती, ज्याला रॉकमध्ये रिफ म्हणतात, ती बहुतेक जागी गिटारबरोबर वाजवली. दोन वाद्ये एकाच आकृतीवर एका सप्तकाच्या अंतराने चालू लागली, की ऐकणाऱ्याला त्यांतला सांधा दिसत नाही. ड्रमर बिल वॉर्डची वाढ जाझ ऐकत झालेली. अशा जड आकृतीखाली सरळ ठेका धरला असता तर गाणे चिखलात रुतले असते. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’मध्ये तो तसे करत नाही. तिथे गिटार खालच्या सुरावर घोड्याच्या टापांसारखी दौडते आणि वॉर्ड त्या दौडीखाली तालवाद्यांचा आणखी एक थर चढवतो, म्हणून सर्वात खालच्या पट्टीतले हे गाणे अल्बममधले सर्वात चपळ वाटते. राहिला ऑझीचा आवाज. त्याची झेप मोठी नाही आणि त्यात गोडवाही नाही, पण तो उंच आणि टोकदार आहे. ‘आयर्न मॅन’मध्ये त्याला रिफचीच चाल गावी लागते, कारण आवाज आणि गिटार यांच्यात जागाच नाही. पट्टी उतरताच ती जागा मोकळी झाली. ‘लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड’मध्ये गिटार खाली राहते, आवाज वर राहतो आणि मधली पोकळी ऐकू येते. बोटांच्या इजेपासून गायकाच्या जागेपर्यंत कारणांची एकच साखळी लागते. सॅबथच्या दुसऱ्या कुठल्याही अल्बममध्ये मला ती इतकी अखंड सापडत नाही.

पहिल्या अल्बमचे पाठीराखे इथे म्हणतील, की हा जडपणा १३ फेब्रुवारी १९७० लाच आला होता. त्या दिवशी ‘ब्लॅक सॅबथ’ हा अल्बम निघाला आणि त्याची सुरुवात त्याच नावाच्या गाण्याने होते. त्या रिफमध्ये षड्ज, वरचा षड्ज आणि मग तीव्र मध्यम असे तीनच स्वर आहेत. गुस्ताव होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधल्या ‘मार्स’चा प्रभाव त्यामागे होता हे बँडनेच सांगितले आहे. युरोपीय संगीतात षड्ज आणि तीव्र मध्यमाच्या या अंतराला सैतानाचा स्वर म्हणण्याची प्रथा आहे, आणि सॅबथची सगळी भीती त्या अंतरात आहे असे लिहिणारे पुष्कळ. यमन ऐकत वाढलेल्या कानाला मात्र तीव्र मध्यमाची भीती वाटत नाही. त्याला त्या स्वराने संध्याकाळ आठवते. म्हणजे भीती स्वरात नव्हती. ती विलंबित लयीत होती, पावसाच्या आणि घंटेच्या आवाजात होती, स्वरांमधल्या रिकाम्या जागेत होती. तो अल्बम जवळजवळ एका दिवसात मुद्रित झाला. त्याचा ताजेपणा विलक्षण आहे, पण त्यातल्या अर्ध्या भागात अजून ब्लूज वाजवणारा बँड ऐकू येतो. वाट सापडल्याची खूण तिथे आहे, पण वाट तयार व्हायची होती.

‘पॅरानॉइड’ला उत्तर देणे जास्त कठीण आहे, कारण तो खरोखर मोठा अल्बम आहे. व्हिएतनामच्या काळात युद्ध पुकारणाऱ्यांवर ‘वॉर पिग्ज’इतका थेट घाव घालणारी रॉक गाणी थोडी आहेत, आणि ‘हँड ऑफ डूम’मध्ये बटलरने सैनिकांच्या व्यसनाधीनतेवर जे लिहिले ते आजही झोंबते. व्हिला पार्कवर आदरांजली द्यायला आलेल्या बँडांनीही याच अल्बममधून भरपूर निवडले: टूलने ‘हँड ऑफ डूम’, अ‍ॅलिस इन चेन्सने ‘फेअरीज वेअर बूट्स’. पण ही थोरवी एकेका गाण्याची आहे. अल्बमचे नाव आधी ‘वॉर पिग्ज’ ठरले होते. जागा भरायला अखेरीस घाईने रचलेले तीन मिनिटांचे ‘पॅरानॉइड’ गाजणार असे दिसताच नाव बदलले, आणि मुखपृष्ठावर तलवार-ढाल घेतलेला माणूस तसाच राहिला. हे गाणे उत्तम आहे, फक्त ते बाकीच्या अल्बमचे नाही. त्याची लय, लांबी, बांधणी सगळी वेगळी. लोकप्रियतेचा मुद्दा घेतला तर अमेरिकेत ‘पॅरानॉइड’चा खप ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’च्या दुप्पट मानला जातो. पण निरोपाच्या मैफलीत काय वाजवले, आणि काय जास्त विकले गेले, यावरून सर्वांना कोणती गाणी पाठ आहेत ते कळते. सर्वात घट्ट बांधलेला अल्बम कोणता, हे त्यावरून कळत नाही.

‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’वर सर्वात टोचणारा आक्षेप वेगळाच आहे: तो तोकडा आहे. एकूण सुमारे ३४ मिनिटे, गाणी आठ, आणि त्यातली ‘एम्ब्रिओ’ व ‘ऑर्किड’ तर गिटारचे छोटे तुकडे. पहिला अर्ध्या मिनिटाचाही नाही. समीक्षकांनीही त्या काळी बँडला सौम्यपणे वागवले नाही. पण हे तुकडे कुठे ठेवले आहेत ते पाहावे. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’च्या आधी ‘एम्ब्रिओ’ येतो आणि ‘लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड’च्या आधी ‘ऑर्किड’. उतरलेल्या पट्टीतली दोन जड गाणी सुरू होण्यापूर्वी कानाला हलके केले आहे. ‘इन्टू द व्हॉइड’च्या आधी ‘सॉलिट्यूड’ येते, ज्यात आयोमी बासरी वाजवतो आणि ऑझी इतक्या हळुवार आवाजात गातो, की गायक तोच आहे यावर कित्येकांचा विश्वास बसत नाही. तिन्ही जड गाण्यांना तिन्ही वेळा विसावा पुरवलेला आहे. हा भरणा नसून रचना आहे, आणि त्यासाठी बँडला पहिल्यांदाच वेळही मिळाला होता: लंडनच्या आयलंड स्टुडिओत निर्माता रॉजर बेनबरोबर हे काम फेब्रुवारी ते एप्रिल १९७१ या काळात झाले. शब्दांतही हाच एकसंधपणा आहे. ‘आफ्टर फॉरेव्हर’ कॅथलिक घरात वाढलेल्या बटलरचे देवावरच्या श्रद्धेचे गाणे आहे. सॅबथला सैतानपूजक ठरवणाऱ्यांनी ते ऐकले असते तर अडचण झाली असती. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ अणुयुद्धाच्या छायेतल्या तरुणांना हाक देते आणि ‘इन्टू द व्हॉइड’मधली माणसे नासवलेली पृथ्वी सोडून अवकाशात निघतात.

यानंतर प्रभावाचा मुद्दा येतो, आणि तो मी मुद्दाम मागे ठेवला, कारण प्रभाव म्हणजे गुणवत्ता नव्हे हे मला मान्य आहे. तरी काय घेतले गेले ते बोलके आहे. १९९२ साली कायसचा ‘ब्लूज फॉर द रेड सन’ आणि स्लीपचा ‘होली माउंटन’ आले. दोन्ही बँडांनी सॅबथकडून एखादी चाल उचलण्यापेक्षा खाली उतरलेली सैल तार, तिचा घोगरेपणा आणि तिला साजणारी लय उचलली. साउंडगार्डन आणि कायस या दोघांनीही ‘इन्टू द व्हॉइड’ स्वतः मुद्रित केले. १९९४ च्या ‘नेटिव्हिटी इन ब्लॅक’ या आदरांजली-संग्रहात बायोहझार्ड, व्हाइट झॉम्बी आणि करोजन ऑफ कन्फॉर्मिटी यांनी याच अल्बममधली गाणी निवडली. व्हिला पार्कवरही लॅम्ब ऑफ गॉडने ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ आणि अ‍ॅन्थ्रॅक्सने ‘इन्टू द व्हॉइड’ वाजवले. गाणे पुन्हा गाता येते ‘पॅरानॉइड’मधलेही, ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’तून मात्र वाजवण्याची एक पद्धतच नेता येते.

डिओच्या पक्षाला मी कमी लेखत नाही. १९८० चा ‘हेवन अँड हेल’ मार्टिन बर्चने निर्मिलेला, ध्वनीच्या दृष्टीने सॅबथचा सर्वात नेटका अल्बम. ऑझी पुष्कळदा रिफच्या बरोबर गायचा. डिओ रिफला छेद देत गायला, आणि त्यामुळे आयोमीला वेगळ्या चाली सुचल्या. पण तिथे बँडचा गुरुत्वमध्य गायकाकडे सरकला आणि रिफ त्याची साथ करू लागला. तो दुसऱ्या बँडचा उत्तम अल्बम म्हणून ऐकला तर त्याला पूर्ण न्याय मिळतो. खरा प्रतिस्पर्धी माझ्या लेखी १९७२ चा ‘व्हॉल्यूम ४’ आहे. लॉस एंजेलिसमध्ये मुद्रित झालेल्या त्या अल्बममधल्या ‘सुपरनॉट’ची ऊर्जा आधीच्या कुठल्याही गाण्यात नाही, आणि पियानोवरचे ‘चेंजेस’ किती वेगळ्या दिशेला जाते. पण ‘व्हॉल्यूम ४’ याच उतरलेल्या पट्टीत बोलतो आणि तिथून निरनिराळ्या वाटांनी पांगतो. ‘सॅबथ ब्लडी सॅबथ’मध्ये रिक वेकमनचे कीबोर्ड आल्यावर तो विस्तार आणखी वाढला. विस्तार मला आवडतो. तरी आधी जमलेला गाभा आणि नंतरचा विस्तार यांत एकच निवडायचा झाला, तर मी गाभा निवडतो, ‘व्हॉल्यूम ४’ला दुसरे स्थान देतो आणि ‘पॅरानॉइड’ला तिसरे.