गॅस्ट्रिनचा निरोप नेमका कुणाला?

आम्ही डॉक्टर खरे, पण तत्त्वज्ञानाचे; तेव्हा व्याख्यान संपल्यावर कुणी रिपोर्ट दाखवू नये. पण इथे खांदा कॉलनीत सकाळी फिरायला निघालं की दहातले चारजण उपाशीपोटीच्या पित्ताच्या गोळीबद्दल बोलतात. ती गोळी नेमकं काय करते, हे समजायचं तर आधी गॅस्ट्रिन समजलं पाहिजे.

जेवण जठरात गेलं की जठराच्या खालच्या भागातल्या जी-पेशी गॅस्ट्रिन सोडतात. कुठे? पोटात नाही, रक्तात. ते रक्ताबरोबर हृदयातून फिरून पुन्हा जठराच्याच वरच्या भागात येतं. हा द्राविडी प्राणायाम कशाला, असं वाटेल. पण रक्तात टाकलेला निरोप सगळ्यांपर्यंत पोचतो. ज्याला कान आहे तोच ऐकतो. सोसायटीत 'उद्या पाणी नाही' अशी पाटी लागली की घरात पिंप भरलं जातं, ड्रायव्हर गाडी धुणं पुढे ढकलतो. पाटी एकच.

आम्ल बनवणाऱ्या पेशीला, म्हणजे पॅरायटल पेशीला, गॅस्ट्रिनचा कान आहे. म्हणजे निरोप थेट तिलाच, असं आपण म्हणणार. इथेच गंमत आहे. शेजारच्या ईसीएल पेशीलाही तोच कान असतो. ती गॅस्ट्रिन ऐकून हिस्टामिन सोडते, आणि आम्लाचा मुख्य जोर त्या हिस्टामिनमुळे येतो. थेट हुकूम त्यामानाने दुबळा.

हे कळायला फार वर्षं लागली. १९०५ साली एडकिन्स यांनी जठराच्या अस्तराचा अर्क मांजरांच्या रक्तात सोडून आम्ल वाढल्याचं दाखवलं. पुढे हिस्टामिनही तेच करतं असं दिसलं, आणि लोक म्हणू लागले, अर्कात हिस्टामिनच असणार, गॅस्ट्रिन कसलं! १९६४ मध्ये लिव्हरपूलच्या ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी डुकराच्या जठरातून शुद्ध गॅस्ट्रिन वेगळं काढलं, तेव्हा वाद मिटला. १९७२ मध्ये जेम्स ब्लॅक यांनी हिस्टामिनचा कान बंद करणारं औषध दिलं, तर गॅस्ट्रिनचाही आम्लावरचा परिणाम ओसरला. 'हे की ते' हा प्रश्नच चुकीचा होता. दोघं एकाच साखळीत होते. आमच्या शास्त्रात याला कारणाचं कारण म्हणतात.

आता लगाम. आम्ल वाढलं की डी-पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडतात आणि जी-पेशी गप्प होतात. उपाशीपोटीची ती गोळी पॅरायटल पेशीचा आम्ल-पंप बंद करते. आम्ल कमी, म्हणून लगाम सैल, म्हणून गॅस्ट्रिन वाढतं; आणि महिनोन्महिने वाढलेलं राहिलं तर ईसीएल पेशीही फोफावतात. मग एके दिवशी आपण गोळी एकदम बंद करतो, पंप सुरू होतो, मागे ही वाढलेली फौज उभी, आणि छातीत आधीपेक्षा जास्त जळजळ! माणूस म्हणतो, 'बघा, गोळीशिवाय माझं चालतच नाही.' ती जळजळ काही आठवड्यांची असू शकते, मूळ दुखण्याची असेलच असं नाही. म्हणून बंद करायची की हळूहळू कमी करायची, ते खऱ्या डॉक्टरांना विचारा. काहींना ती कायमची लागतेच, बरं का.

आता प्रश्न घेऊ.