न फोडता काढायचे आंत्रपुच्छ

पेलाभर पाण्यात दोन चमचे इसबगोल टाका. दहा मिनिटांत पाणी दाट, बुळबुळीत होईल. आता ते ड्रॉपरने ओढून पाहा. सहज ओढले जाणार नाही. हा प्रयोग लक्षात ठेवला, तर आंत्रपुच्छाच्या एका दुर्मिळ आजारात शल्यविशारद इतके जपून का वागतात ते कळेल.

आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, ही मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, एका टोकाला बंद असलेली नळी. तिच्या अस्तरातील काही पेशी श्लेष्म तयार करतात. त्यातील म्युसिन हे शर्करेच्या साखळ्या जडलेले प्रथिन पाणी धरून ठेवते. एरवी श्लेष्म आतड्यात वाहून जातो. परंतु नळीचे तोंड बंद झाले किंवा अस्तराच्या पेशी बेसुमार वाढल्या, तर तो आतच साठतो आणि नळी फुगते. रोकिटान्स्की यांनी १८४२ मध्ये याचे वर्णन केले. काढलेल्या दर हजार आंत्रपुच्छांत अशी जेमतेम दोन-तीन आढळतात.

पेशींची वाढ झालेले असे आंत्रपुच्छ फुटले तर? श्लेष्माबरोबर पेशीही उदरपोकळीत सांडतात. तेथील द्रवाबरोबर फिरत त्या श्वासपटलाखाली आणि आतड्यांवरील चरबीच्या पदरात अडकतात. काही गुरुत्वाकर्षणाने ओटीपोटात उतरतात. लहान आतडे सतत हलत असल्याने बराच काळ बचावते. अडकलेल्या पेशी श्लेष्म बनवीतच राहतात आणि पोट जेलीसारख्या पदार्थाने भरत जाते. हा पदार्थ सुईने काढता येत नाही, हे आपल्या पेल्याने दाखवलेच आहे.

निदान अवघड, कारण अनेकदा लक्षणेच नसतात. कधी नेहमीच्या अपेंडिक्ससारखे दुखते. सोनोग्राफीत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसतात. सी.टी. स्कॅनमध्ये नळीचा व्यास १५ मिलिमीटरपेक्षा जास्त असला किंवा भिंतीत कॅल्शियम साचलेले दिसले, तर संशय बळावतो. मात्र सुई टोचून नमुना घेत नाहीत. त्याच छिद्रातून पेशी बाहेर पडतील!

म्हणून आंत्रपुच्छ अखंड काढून, पिशवीत घालून बाहेर आणतात. आजार आतच मर्यादित असेल, तर बहुधा एवढे पुरते. आक्रमक कर्करोग असल्यास मोठ्या आतड्याचा भागही काढावा लागतो. पोटात पसरला असेल, तर दिसणाऱ्या सर्व गाठी काढून सुमारे ४१ ते ४३ अंश सेल्सिअस तापमानाचे औषधी द्रावण पोटात फिरवतात. औषध काही मिलिमीटरच आत शिरते. म्हणून गाठी आधी काढाव्या लागतात. अमेरिकेतील पॉल शुगरबेकर यांनी रुजवलेली ही पद्धत आज मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासह भारतातील काही केंद्रांत वापरली जाते.

अंतिम निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होते. तेव्हा आपल्या घरी कोणाचे अपेंडिक्स काढले, तर ते तपासणीला पाठवले का, हे अवश्य विचारा आणि अहवाल जपून ठेवा. शस्त्रक्रिया किरकोळ वाटली, तरी पुढच्या उपचाराची दिशा त्या एका कागदावर ठरू शकते.